पाठराख्यांची गिरजाबाई

अनसिंगला नदीकाठच्या मळ्यांमध्ये गिरजाबाईचा मळा सगळ्यात लहान होता, पण बाजाराच्या दिवशी सगळ्यात आधी पाटी रिकामी व्हायची ती तिचीच. नवरा दौलतराव मोट हाकायचा. वाफे, तोडणी आणि बाजार ही कामं तिची. वय चाळिशीला टेकलेलं, शिक्षण चौथीपर्यंतचं, आणि आवाज असा की मळ्यात बोलली तर नदीपलीकडच्या बैलानं कान टवकारावेत. सत्तावन्न सालच्या दिवाळीनंतर विकास गटाच्या ऑफिसातले समाजशिक्षण संघटक उत्तमराव सायकल हातात धरून तिच्या बांधावर आले, तेव्हा ती मिरच्या तोडत होती.

उत्तमराव अमरावतीकडचे, तिशीतले, सरळ मनाचे गृहस्थ होते. शाळा सुटलेल्या पंधरा ते वीस वर्षांच्या पोरापोरींना गावातलंच एक मोठं माणूस जोडून द्यायचं, घरचं नसलेलं पण आपलं वाटणारं, अशी ती योजना होती. ऑफिसच्या कागदात या माणसांना ‘स्वयंसेवक मार्गदर्शक’ म्हणत. लोकांच्या तोंडी ते बसेना. अनसिंगच्या कुणीतरी ‘पाठराखे’ म्हटलं आणि तेच नाव पडलं. उन्हाळ्यात तीन दिवसांचं शिबिर झालं होतं. त्यात चौदा जणांनी नावं दिली. दिवाळीपर्यंत पाच उरले, आणि त्या पाचांमध्ये गिरजाबाई होती. तिच्याकडे तीन पोरी होत्या आणि तिन्ही टिकल्या होत्या.

हे कसं झालं, एवढंच विचारायला उत्तमराव आले होते. गिरजाबाईनं मिरच्यांची ओटी पाटीत रिकामी केली आणि उभ्याउभ्याच सांगितलं.

“साहेब, शिबिरात तुमी आमाले पोराईले काय सांगावं थे शिकवलं. पोरगं बोल्लंच नाई तर काय करावं, थे कोणी सांगितलं नाई. माह्या एका पोरीनं दीड महिना तोंड उघडलं नाई. मी भाषण देल्लं असतं तर थे बी गेली असती. मी तिच्यासंगं शेंगा तोडत बसली, दुसरं काई केलं नाई.”

उत्तमरावांनी सायकल बांधाला टेकवली. मग त्यांनी तिलाच विचारलं, की बाकीच्यांना हे तुम्ही शिकवाल का. गिरजाबाईनं आढेवेढे घेतले नाहीत, फक्त अटी घातल्या. भाषण नको. फळा नको. दर बाजाराच्या दिवशी, माल विकून झाला की सगळ्यांनी तिच्या मळ्यात चिंचेखाली यायचं. आणि आठवडाभरात आपलं काय चुकलं, ते प्रत्येकानं आधी सांगायचं. काय बरोबर झालं ते घरी जाऊन बायकोला सांगावं, तिथं नको.

पहिल्या बैठकीला नऊ जण आले. गळालेल्यांपैकी चौघं परत आले होते. त्यात हरिसिंग होता. अनसिंगपासून दोन कोसांवरच्या बंजारा तांड्यातला हा उंच, रुंद खांद्याचा माणूस. पन्नाशीतही बैलाला दोन हातांनी रोखून धरणारा. तांड्याचा नायक त्याचा चुलतभाऊ होता, त्यामुळे त्याच्या शब्दाला वजन होतं आणि ते त्याला ठाऊक होतं. माळणीनं आपल्याला काय शिकवावं, असं तो येताना धनीबाईला म्हणाला होता. धनीबाई त्याच तांड्यातली, तीही पाठराखीण. तिनं ते जसंच्या तसं गिरजाबाईच्या कानावर घातलं. गिरजाबाई हसली आणि तिनं हरिसिंगलाच पहिल्यांदा उभं केलं.

तिची शिकवण्याची रीत साधी होती. दोघांना समोरासमोर बसवायचं. एकानं पोरगं व्हायचं, दुसऱ्यानं पाठराखा. पाठराख्यानं एक प्रश्न विचारायचा आणि मग मनातल्या मनात वीसपर्यंत अंक मोजायचे. वीस होईपर्यंत तोंड उघडायचं नाही. पहिल्या दिवशी कुणालाच ते साधलं नाही. हरिसिंग तर पाचावरच सुटायचा. विडी पेटवली तर चालेल का, असं त्यानं विचारलं. गिरजाबाई म्हणाली की पेटवा, पण तोंड विडीनंच बंद राहू द्या. सगळे हसले, हरिसिंगही हसला, आणि पुढच्या बाजाराला तो पुन्हा आला.

हिवाळाभर बैठका झाल्या. माणसं नऊची अकरा झाली. कुणी सांगायचं, मी पोराला मारलं. कुणी सांगायचं, मी त्याच्या बापाकडे चुगली केली आणि आता तो माझ्याकडे बघत नाही. चूक सांगितल्यावर कुणी कुणाला रागावत नसे. पुढच्या आठवड्यात काय करून पाहायचं, एवढंच ठरायचं. उत्तमराव मागं बसून वहीत लिहीत. पुढे पुढे त्यांनी लिहिणं सोडलं आणि तेही आपल्या चुका सांगू लागले.

माघात हरिसिंग दोन बाजार आला नाही.

काय झालं ते धनीबाईनं सांगितलं. हरिसिंगकडे तीन पोरं होती, त्यात बाबूसिंग त्याचा लाडका. सतरा वर्षांचा, बाप नसलेला, हिशोबात तेज. त्यानं सातवीच्या परीक्षेला बसावं आणि मास्तर व्हावं, असं हरिसिंगच्या मनात होतं. तांड्यातला पहिला मास्तर. हे त्यानं चार ठिकाणी बोलूनही ठेवलं होतं. आणि एका सकाळी, नायकाच्या दारी सगळे बसलेले असताना, बाबूसिंग म्हणाला की मला मास्तर नाही व्हायचं, मला शिवणकाम शिकायचं आहे, मंगरूळपीरला एका शिंप्याकडे राहायचं आहे. हरिसिंगचा पारा चढला. सुई-दोऱ्याचं काम तांड्यात फेटिया, म्हणजे घागरा, घालणाऱ्या बायांचं. तो सगळ्यांदेखत म्हणाला, “मंग फेटिया बी घाल आन बायाईत जाऊन बस.” माणसं हसली. बाबूसिंग उठून गेला, तो त्या दिवसापासून हरिसिंगच्या दारावरूनही जात नव्हता. आणि हरिसिंगनं धनीबाईबरोबर निरोप धाडला होता, की माझं नाव काढून टाका, हे माझ्याच्यानं होत नाही.

दोन दिवसांनी भर दुपारी बाबूसिंग स्वतः गिरजाबाईच्या मळ्यात आला. हातात गुंडाळलेलं काहीतरी होतं. त्यानं ते उलगडलं. लहान पोराचा सदरा होता, जुन्या लुगड्याच्या तुकड्यांतून हातानं शिवलेला. कॉलर होती, खिसा होता, आणि टाके इतके बारीक की गिरजाबाईनं ते नखानं चाचपून पाहिले. धाकट्या भाच्यासाठी शिवला, तो म्हणाला. मग त्यानं मागणं केलं, की मावशी, हरिसिंगऐवजी तुम्हीच माझ्या पाठराखीण व्हा, माझ्या आईशी बोला, मला मंगरूळपीरला घेऊन चला.

गिरजाबाईला ते सहज करता आलं असतं. बाबूसिंगची आई बाजारात तिच्याशेजारीच बसायची, आणि मंगरूळपीरची मोटार अनसिंगवरूनच जायची. पोरगं समोर आशेनं उभं होतं. तिनं त्याला भाकरी खायला घातली, सदरा पुन्हा एकदा बघितला, आणि तो कसा कापला, खांद्याचं माप कसं घेतलं, हे सगळं ऐकून घेतलं. मग ती म्हणाली,

“बाबू, तुह्या हातात गुण आहे. पण तुहा माणूस हरिसिंग आहे, मी नाई. तू आला होता, हे मी त्याले सांगू का? तू नाई म्हटलं तर नाई सांगत.”

बाबूसिंग सदऱ्याची घडी घालत राहिला. ती वीसपर्यंत मोजत थांबली. शेवटी तो म्हणाला, “सांगा. सदरा बी दाखवा.” आणि सदरा तिच्याजवळ ठेवून तो निघून गेला.

त्याच संध्याकाळी उत्तमराव आले. पंधरा दिवसांनी अकोल्याहून मोठे साहेब बैठक पाहायला येणार होते. उत्तमरावांना काळजी पडली होती. हरिसिंगचं नाव कमी करावं आणि बाबूसिंगला गिरजाबाईच्या नावावर घ्यावं, म्हणजे कागद नीट दिसेल, असं त्यांनी सुचवलं. त्यांचंही चूक नव्हतं. पोराची आबाळ होऊ नये असंच त्यांना वाटत होतं.

गिरजाबाई त्या वेळी कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होती. तिनं हात थांबवला नाही.

“साहेब, मी मधात पडली तर पोरगं आज मंगरूळले जाईन. पण हरिसिंग कायमचा जाईन. त्याच्या हाताखालून अजून दहा पोरं जाणार आहेत. माहं काम पोरापाशी नाई, हरिसिंगपाशी आहे. तुमीच तर मले त्याच्यासाठी ठेवलं.”

उत्तमरावांनी मान हलवली. साहेब आले तर काय सांगायचं, असं त्यांनी विचारलं. जे असेल ते सांगू, ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती तांड्यावर गेली. हरिसिंग लिंबाखाली अंबाडीचा दोर वळत बसला होता. त्यानं तिला बाज दिली आणि स्वतः खाली बसला. नाव काढण्याचं त्यानं स्वतःहूनच सांगितलं, आणि बराच वेळ सांगत राहिला. पोरगं उपकार विसरलं, आजकालची पोरं अशीच, आपला स्वभाव तापट, आपल्याला हे जमायचं नाही. गिरजाबाईनं सगळं ऐकून घेतलं. मग तिनं तो सदरा त्याच्या मांडीवर ठेवला आणि बाबूसिंग आपल्याकडे आला होता, हे सांगितलं. तो काय काय बोलला तेही सांगितलं, काही वगळलं नाही आणि काही वाढवलं नाही.

हरिसिंगनं सदरा हातात घेतला. खिशात बोट घालून पाहिलं. 

“आपण एकदा करून पाहू,” गिरजाबाई म्हणाली. “मी बाबू. तुमी हरिसिंगच. मी म्हणतो, मले शिवण शिकाचं आहे. बोला.”

तांड्यातली दोन-चार माणसं दुरून बघत होती, त्यामुळे त्याला अवघड वाटलं. तरी त्यानं सुरुवात केली. पहिल्या खेपेला तो तिसऱ्या वाक्याला उपदेशावर आला. गिरजाबाईनं तोंड फिरवलं, जसं बाबूनं फिरवलं असतं. दुसऱ्या खेपेला त्यानं ‘काहून, कशाले’ विचारलं, पण चोराला विचारावं तसं विचारलं. तिनं पुन्हा तोंड फिरवलं. हरिसिंगनं दोर बाजूला टाकला.

तिसऱ्या खेपेला त्यानं विचारलं, “तुले हे कवापासून वाटते?”

गिरजाबाई बाबू म्हणून गप्प राहिली. हरिसिंगही गप्प राहिला. तांड्यात कुणीतरी जात्यावर दळत होतं, तेवढाच आवाज येत होता.  आणि मग तो बोलला, पण बाबूशी नाही.

तो म्हणाला की तो स्वतः सोळा वर्षांचा असताना वाशिमला एक म्हातारा नालबंद होता. घोड्यांना, बैलांना नाल ठोकायचा. बैल घेऊन तो बापाबरोबर गेला, तेव्हा त्या म्हाताऱ्यानं त्याच्या हातात हातोडी दिली होती आणि म्हटलं होतं की या पोराचा हात बसतो, याला माझ्याजवळ ठेवा. रात्रभर त्याला झोप आली नव्हती. पण परत आल्यावर बापानं ते पंचांत हसण्यावारी नेलं. बैलाच्या शेपटीमागं जन्मला आणि घोड्याच्या पायाशी बसायला निघाला, असं म्हणाला. त्यानंतर हरिसिंग वाशिमला गेला की ती गल्ली टाळायचा. म्हातारा कधी मेला, तेही त्याला कळलं नाही.

“चौतीस वर्षं झाली,” हरिसिंग म्हणाला. “मी हे कोणाले सांगितलं नाई.”

गिरजाबाईला पुष्कळ बोलता आलं असतं. ती बोलली नाही. हरिसिंग सदऱ्याच्या कॉलरवरून अंगठा फिरवत राहिला.

“आता तुमी मले काई सांगणार नाई का?” त्यानं शेवटी विचारलं.

“नाई. तुमाले समजलं.”

निघताना तिनं एवढंच म्हटलं, की बाबूशी एकट्यात बोललात तर त्याला सोपं जाईल. हरिसिंगनं ते मानलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी, नायकाच्या दारी नेहमीची माणसं बसली असताना, त्यानं बाबूसिंगला बोलावणं धाडलं. पोरगं आलं आणि दूर उभं राहिलं. हरिसिंग उठून उभा राहिला आणि म्हणाला, की ज्या जागी मी याला हसलो त्याच जागी सांगतो, चूक माझी होती, आणि आता कुणी हसलं तर त्यानं आधी माझ्याकडे पाहून हसावं. कुणी हसलं नाही. धनीबाईनं हे बैठकीत सांगितलं, आणि बाबूसिंगचं काय झालं हे विचारल्यावर ती हसली. बाबूसिंग काही विरघळला नव्हता. त्यानं सगळ्यांसमोर विचारलं होतं, “मंग मंगरूळले माह्यासंगं येता का?”

दोघं मोटारीनं मंगरूळपीरला गेले. दर्ग्याच्या रस्त्यावर एका वयस्क शिंप्याचं दुकान होतं. त्यांनी सदरा उलटा करून आतले टाके पाहिले आणि पोराच्या हातात कापडाचा तुकडा देऊन काज करायला सांगितलं. पहिलं काज वाकडं झालं. ते त्यांनी कापून टाकलं. दुसरंही कापलं. हरिसिंग पायरीवर बसून होता. त्याच्या मनात आलं की उठून म्हातारबाबाला दोन शब्द ऐकवावेत. पण तो बसून राहिला. गिऱ्हाइकं आली आणि गेली, ऊन पायरीवरून सरकलं. पाचवं काज शिंप्यांनी बोटावर धरून उजेडात पाहिलं आणि ठेवून दिलं.

“होळीनंतर ये,” ते बाबूसिंगला म्हणाले. मग हरिसिंगकडे वळून विचारलं, “लडका आपका है?”

“नाई,” हरिसिंग म्हणाला. “मी त्याचा पाठराखा.” शिंप्यांना तो शब्द कळला नाही. मग हरिसिंगनं दुकानाच्या पायरीवर बसून तो त्यांना समजावून सांगितला, आणि परतीची मोटार चुकली.

अकोल्याचे साहेब आले त्या बाजारी चिंचेखाली सतरंजी अंथरली होती. उत्तमरावांनी खुर्ची आणवली होती, पण साहेब खाली बसले. कसलीच तयारी करायची नाही, असं गिरजाबाईनं सगळ्यांना बजावलं होतं. नेहमीसारखंच तिनं विचारलं, या आठवड्यात कुणाचं काय चुकलं. पाहुण्यासमोर कोण बोलणार? माणसं जमिनीकडे बघू लागली. उत्तमरावांनी घाम पुसला.

हरिसिंग उठला. त्यानं फेटियाची गोष्ट सांगितली, आपले शब्द जसेच्या तसे सांगितले, आणि नालबंदाचीही सांगितली. मंगरूळपीरच्या पायरीवर आपण उठणार होतो तेही सांगितलं. मग खाली बसला. त्याच्यानंतर धनीबाई बोलली, मग एकेक करून सगळे. साहेबांनी मध्ये प्रश्न विचारले नाहीत. बैठक संपल्यावर मात्र त्यांनी गिरजाबाईला विचारलं, की हे दुसऱ्या गावांत सुरू करायचं तर काय लागेल.

“माणसं तर गावोगाव आहेत, साहेब,” ती म्हणाली. “पण पोराईचं ऐकता ऐकता ज्याचं मन भरून येते, त्याचं ऐकाले कोणी तरी पाह्यजे. थे नसलं तर शिबिरं करू नका.”

साहेबांनी ते वाक्य कागदावर लिहून घेतलं. उत्तमराव त्या दिवशी सायकलवर बसले, ते शीळ घालतच गेले म्हणतात.

चैत्रात रिठद गावात आठ नवी माणसं तयार झाली. त्यांना शिकवायला कुणाला पाठवायचं, हा प्रश्न आला तेव्हा गिरजाबाईनं हरिसिंगचं नाव सांगितलं. तो आधी नको म्हणाला, मग तुम्ही बरोबर चला म्हणाला. ती गेली, पण मागं बसली. हरिसिंगनं रिठदच्या लोकांना जोड्या करून बसवलं. एक तरुण शेतकरी फटकळपणे म्हणाला की असं गप्प बसून काय होतं, पोराला वळण लावायचं तर दोन शब्द सुनवावेच लागतात. हरिसिंग म्हणाला, “मी सुनवले होते. काय झालं थे सांगू का?” आणि त्यानं सांगितलं. दोन गोष्टी तो विसरला, एका बाईला बोलायला वेळच दिला नाही, पण माणसं जागची हलली नाहीत.

परतताना दोघं सडकेच्या कडेला मोटारीची वाट पाहत बसले. त्या बाईचं नाव घेऊन गिरजाबाईनं त्याला चूक सांगितली. हरिसिंगनं ऐकून घेतली, पुढच्या खेपेला तिलाच आधी विचारीन म्हणाला. मग त्यानं तिच्याकडे पाहिलं.

“आन तुमचं काय चुकलं या महिन्यात? तुमाले कोणी इचारतच नाई.”

गिरजाबाईनं पदर डोक्यावर ओढून घेतला. सडक रिकामी होती. ती लगेच बोलली नाही आणि हरिसिंगनं घाई केली नाही. मग तिनं सांगितलं. तिच्या तीन पोरींपैकी गोमती, जी दीड महिना बोलली नव्हती तीच, आता वाचू लागली होती. तिला दाईचं शिक्षण घ्यायचं होतं. तिच्या बापाशी बोलीन, असं गिरजाबाईनं तिला वचन दिलं होतं. तो बाप दौलतरावाचा जुना वैरी, बांधावरून भांडलेला. तीन आठवडे झाले, गिरजाबाई त्याच्या दारापर्यंत गेली नव्हती. पोरीला रोज वेगळं कारण सांगत होती.

“मी भ्याली,” ती म्हणाली. “अकोल्याच्या साहेबाले नाई भ्याली, आन त्या माणसाले भ्याली.”

हरिसिंगनं विचारलं की त्या माणसाला तुम्ही पहिलं वाक्य काय म्हणाल. तिला सांगता येईना. मग तो सडकेच्या कडेला मांडी घालून बसला, मिशीला पीळ दिला, आणि बांधावरून भांडणारा गोमतीचा बाप झाला. गिरजाबाई त्याच्यासमोर बसली. मोटार आली तेव्हा त्यांची तिसरी खेप चालली होती, आणि तिचं पहिलं वाक्य ठरलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी, पाटी डोक्यावर घेण्याआधी, ती गोमतीच्या घरी गेली.